एकविसावा वेताळ

वेताळाच्या घराण्यात चारशे वर्षांत एकही पोरगा असा निघाला नाही की जो म्हणाला, "मला नाही जमायचं हे." ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. लहानपणी पटली नव्हती आणि आता सातबाऱ्यावर नाव लागून चाळीस वर्षं होत आली, तरी पटत नाही.

वेताळ म्हणजे आमच्या शिवेवरचा नव्हे. तो शेंदूर फासलेला धोंडा, अवसेला त्याच्यापुढं नारळ फुटतो, आणि तिन्हीसांजेला तिकडनं जाताना मोठी माणसंसुद्धा पाय उचलतात. कोकणात आणि गोव्यात तर तो गावचा राखणदार देव आहे, आमोण्याला त्याचं देऊळ आहे. मी म्हणतो तो इंद्रजाल कॉमिक्समधला, अंगाला घट्ट कापडं, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं, पांढरा घोडा आणि संगं लांडगा. अमेरिकेतल्या ली फॉक नावाच्या माणसानं तो 1936 साली वर्तमानपत्रासाठी निर्माण केला. त्याचं मूळ नाव फँटम. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च 1964 मध्ये इंद्रजाल काढलं, ते मराठीतही निघायचं, आणि कुणा शहाण्यानं फँटमचा वेताळ केला. नाव इतकं फिट्ट बसलं, की हा गडी सातासमुद्रापलीकडचा आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

चुलता परळला गिरणीत होता. सुट्टीला यायचा तेव्हा पिशवीत साबणाच्या वड्या, खारी, आणि मुखपृष्ठं फाटलेले दहा-पाच अंक असायचे. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या माण तालुक्यात तेव्हा जो तो खडी फोडायला. आई कामावर आणि मी धाकट्या भावंडांना घेऊन लिंबाखाली. हातात वेताळ. पोटात सुकडी. त्यामुळं पहिला प्रश्न पडला तो पोटाचाच. हा माणूस खातो काय? जंगलात राहतो, पगार नाही, रान नाही, जनावर म्हणावं तर एक घोडा आणि एक लांडगा, दोन्ही दुधाला बिनकामाचे. पुढं वाचत गेल्यावर कळलं, की त्याच्या कवटीच्या गुहेत खजिन्याच्या दोन खोल्या आहेत, एक थोरली आणि एक धाकटी. म्हणजे धान्याचं पेव भरलेलं होतं. पेव भरलेलं असलं की माणसाला न्यायासाठी हिंडायला सवड मिळते, असं आमचे आजोबा म्हणाले असते. त्यांनी वेताळ वाचला नव्हता, पण पाटील बघितले होते.

प्रश्न आणखीही होते. त्याचं एक बेट होतं, एडन नावाचं. तिथं वाघ आणि हरणं एकत्र राहतात. वाघ हरणाला खात नाही, कारण त्याला लहानपणापासून मासे घालून वाढवलेलं. मला ते चित्र फार आवडायचं आणि तितकंच खटकायचंही. माशांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? त्यांना ओरडता येत नाही म्हणून ते अहिंसेत धरायचे नाहीत की काय? हा प्रश्न मी शाळेत विचारला तर गुरुजींनी पट्टी उगारली. पण तो राहू द्या. मला आज बोलायचंय ते शपथेबद्दल.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1536 साली एका जहाजावर समुद्री चाच्यांनी हल्ला केला. मूळ कथेत त्या टोळीचं नाव 'सिंग', आपल्याकडं छापताना त्याचं 'सिंगा' केलं, आणि वेताळाच्या बंगाला देशाचं डेंकाली. आपल्या माणसांना नाव टोचू नये म्हणून असेल. तर त्या हल्ल्यात जहाजाचा कप्तान मेला आणि त्याचा पोरगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागला. बांडार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं. पुढं त्याला किनाऱ्यावर बापाच्या खुन्याचं प्रेत सापडलं. त्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, की चाचेगिरी, लोभ, क्रूरपणा आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी आयुष्य वाहीन. इथवर ठीक. दुःख त्याचं, राग त्याचा, हात त्याचा. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. माझे मुलगे आणि त्यांचे मुलगे हेच काम पुढं चालवतील, असंही तो म्हणून गेला.

तेव्हा त्याला मुलगा नव्हता. बायकोसुद्धा नव्हती.

आता जरा हिशोब करू. शेतकरी माणसाला वंशावळ मांडायची सवय असते, तलाठ्याकडं वारस नोंदीला गेलं की मांडावीच लागते. 1536 ला पहिला, 1936 ला आपल्या ओळखीचा एकविसावा. मधे चारशे वर्षं आणि वीस पिढ्या. म्हणजे एका पिढीला सरासरी वीस वर्षं आली. याचा अर्थ काय होतो बघा. पोरगा विशीत आला न आला, की बाप गेला. सुरा लागून, गोळी लागून, कशानंही. पोराला निरोप जायचा, पोरगा पळत गुहेत यायचा. समोर बाप शेवटचे श्वास मोजतोय, बाजूला ती कवटी ठेवलेली, भोवती बांडार लोक उभे. अशा वेळी विशीतलं पोर काय म्हणेल? फॉकच्या कथेत प्रत्येक पोरगा आपल्या तोंडानं शपथ घेतो, कुणी जबरदस्ती करत नाही, म्हणून ती त्याची स्वतःचीच शपथ झाली, असं कुणी म्हणेल. पण मरणाऱ्या बापाच्या उशाशी "हो" सोडून दुसरा शब्द फुटतो का? मी तिथं बसलेला माणूस आहे, म्हणून विचारतो.

आमचे अण्णा गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दहावी झालेली, सातारला एका वर्कशॉपात चिकटलो होतो, हात तेलानं काळे व्हायचे आणि मला ते आवडायचं. निरोप आला म्हणून रातोरात आलो. अण्णांनी उशाखालनं भंडाऱ्याची पुडी काढली, माझ्या तळहातावर चिमूट ठेवली आणि म्हणाले, "जमीन इकायची न्हाय. एक गुंठासुदिक न्हाय. म्हण." मी म्हटलं. नऊ एकर, त्यातलं चार खडकाळ, एक विहीर, तिच्यात भावकीचा निम्मा वाटा. तेवढ्यावर आमचं कवटीची गुहा झाली.

शब्द मी पाळला. 2003 ला दावणीची जनावरं छावणीत नेली, 2012-13 ला पुन्हा नेली. दोन्ही वेळी गिऱ्हाईक दारात उभं होतं. रस्त्याकडंचं दीड एकर दिलं असतं तर डोक्यावरचं सोसायटीचं कर्ज एका दिवसात फिटलं असतं. दिलं नाही. आणि इथं मला शपथेच्या बाजूनंही एक सांगितलं पाहिजे, नाहीतर ते एकतर्फी होईल. शपथेचा फार मोठा उपयोग असा, की रोज ठरवावं लागत नाही. ज्याला ठरवायची मोकळीक आहे तो रात्रभर कूस बदलतो, इकू का ठेवू, ठेवू का इकू. मी पडल्या पडल्या झोपायचो. माझ्या वतीनं अण्णांनी ठरवून ठेवलं होतं.

पण मग त्यात माझं काय? हा प्रश्न मला वेताळाबद्दल आधी पडला आणि स्वतःबद्दल फार उशिरा. एकविसावा वेताळ भला माणूस आहे, शूर आहे, दुबळ्याला मारत नाही. ते त्याचं भलेपण म्हणायचं का घराण्याचं? दावणीला बांधलेलं जनावर दुसऱ्याच्या पिकात तोंड घालत नाही, म्हणून आपण त्याला इमानदार म्हणत नाही. सुटलेलं असताना बांधावरनं परत फिरलं, तर म्हणतो. वेताळाला सुटायला वाट होती, असं एकदा तरी दाखवायला पाहिजे होतं. बाराव्या वर्षी त्याला अमेरिकेत मावशीकडं शिकायला धाडलं होतं. तिथं तो शिकला, खेळात नावाजला, आणि तिथंच त्याला डायना भेटली. म्हणजे वाट अगदी दारातनं जात होती. तरी बोलावणं आलं आणि गडी निघाला. त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं होतं, हे मला पाहिजे होतं. मला मिळाली ती पुढची मारामारी.

आपल्या महाभारतात हाच प्रश्न एका कोळ्यानं विचारलाय. शंतनूला सत्यवती हवी होती. तिच्या बापाची, त्या दाशराजाची अट होती की गादी माझ्या नातवाला मिळाली पाहिजे. देवव्रत म्हणाला, मी गादी सोडतो. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर पाया पडला असता. पण नाव वल्हवून पोट भरणारा तो माणूस वाकला नाही. त्याचं म्हणणं असं, की तुमच्या शब्दाबद्दल मला शंका नाही, पण तुमच्या पोरांचं काय? ती तुमच्या शब्दानं थोडीच बांधली जाणार आहेत! आणि देवव्रतानं काय केलं बघा. तो असं म्हणाला नाही की माझी मुलं माझा शब्द पाळतील. त्याला ते कळत होतं, की न जन्मलेल्या पोराच्या वतीनं आपल्याला शब्द देता येत नाही. म्हणून त्यानं जन्मभर लग्नच न करण्याची प्रतिज्ञा केली. लोक त्याला भीष्म म्हणतात ते त्या प्रतिज्ञेसाठी. मला त्याच्यापेक्षा त्या कोळ्याचं कौतुक जास्त वाटतं. अख्ख्या हस्तिनापुरात मुद्द्याचं तो एकटा बोलला. पहिल्या वेताळाच्या किनाऱ्यावर असा एखादा कोळी असायला पाहिजे होता. किनाराच होता की तो.

न जन्मलेल्याच्या वतीनं शब्द द्यायची खोड आपल्याकडं कमी होती असं नाही. मूल होईना म्हणून जेजुरीला नवस बोलायचा, पहिलं लेकरू खंडोबाला वाहीन. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. नवस आईबापांचा, मागणं त्यांचं, पावला तर आनंद त्यांचा, आणि फेडायचा कुणी? ज्या पोरीला त्यातलं काहीच माहीत नाही तिनं, आणि तोही जन्मभर. माझ्या लहानपणी जागरणाला येणारी एक म्हातारी मुरळी होती. घाटी वाजवून कपाळाला भंडारा लावायची. आई एकदा तिला म्हणाली, "देवाचं बोलावणं होतं बाई तुम्हाला." ती म्हणाली, "देवाचं कुठलं, बापाचं." आणि चहाची बशी खाली ठेवून पुढच्या दाराला गेली. देवाला मुली वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 लाच कायदा झाला होता. बापाच्या कर्जापायी लेकानं सावकाराच्या रानात राबायचं, ती वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद केली. म्हणजे सरकारलासुद्धा कळून चुकलं होतं की बापाचं ओझं आपोआप लेकाच्या मानेवर जात नसतं. तुम्ही म्हणाल, कुठं मुरळी आणि कुठं वेताळ, तो तर चांगल्या कामासाठी बांधलेला. मान्य. पण दावं चांगल्या सुताचं आहे म्हणून ते दावं नाही असं होत नाही.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आली. वेताळाच्या पोराला खरं बांधलंय ते शपथेनं नाहीच. बांधलंय ते लोकांच्या समजुतीनं. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे, त्याला मरण नाही. खरं काय ते बांडारांना आणि आणखी थोड्या जणांना ठाऊक. सगळा दरारा त्या समजुतीवर उभा. मग एखाद्या पोरानं नको म्हटलं तर बापाची शपथ मोडते एवढंच नव्हे, चारशे वर्षांचं बिंग फुटतं. आधीचे वीसच्या वीस खोटे पडतात. एवढं ओझं कुणाच्यानं झुगारवेल? आमच्याकडं याला घराण्याचं नाव म्हणतात. अण्णांच्या भंडाऱ्यापेक्षा मला पारावरचीच भीती जास्त होती. "अमक्याच्या पोरानं बापाच्या माघारी रान फुकलं," हे वाक्य मी कधी ऐकलं नाही, पण ते कुणाच्या आवाजात आलं असतं ते मला ठाऊक आहे.

आणि समजा, एखादा नको म्हणाला असता, तर जंगल बुडालं असतं का? वेताळाच्या गोष्टी नीट वाचल्या तर कळतं, की परका माणूस त्या रानात पाय ठेवायला घाबरतो तो बांडारांच्या विषारी बाणांना. झोपलेल्या वेताळाभोवती पहारा त्यांचाच. राखण तेच करत होते, नाव वेताळाचं. आमच्या शिवारात ज्यांनी जमिनी इकल्या, त्या जमिनीही काही पडून नाहीत. कुणीतरी त्यात ज्वारी पेरतोच. डाळिंबंही लागलीत. पाखरांना काही फरक पडलेला दिसत नाही.

पोरींचा प्रश्न तर कुणी विचारलाच नाही. शपथ मुलग्यांनी घ्यायची. पण सतरावा वेताळ जखमी होऊन पडला, तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीनं, ज्युलीनं, त्याचा पोशाख चढवला आणि काम निभावलं. शपथ नाही, कवटी नाही, कुणी बोलावलेलं नाही. माझ्या लेखी त्या सगळ्या घराण्यात स्वतःच्या मनानं वेताळ झालेली ती एकटीच. आणि एकवीस जणांच्या गणतीत तिचं नाव नाही. मला टायफॉइड झाला त्या साली आमची थोरली बहीण सासरहून येऊन पेरणी करून गेली. तिफणीवर चाडं धरायला ती, मागं मजुरीच्या बाया. पुढं वारसांच्या कागदाची वेळ आली तेव्हा तिनं हक्कसोडीवर सही करायला नकार दिला. भावकीला ते लई झोंबलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चाडं तिनं धरलं होतं की!

1977 साली वेताळाचं डायनाशी लग्न झालं, आणि 1979 साली त्यांना जुळं झालं, किट आणि हेलॉइझ, एक मुलगा एक मुलगी. तेव्हा मला वाटलं, आता ली फॉकला उत्तर द्यावंच लागणार. दोन पोरं आहेत, त्यातली एक पोरगी आहे, आणि आई शहरातली, नोकरी केलेली. ती काय पोराचा हात धरून कवटीवर ठेवू देणार आहे? मी वाट पाहिली. मधेच 1990 ला इंद्रजाल बंद पडलं. फॉक 13 मार्च 1999 ला वारले, अखेरपर्यंत लिहीत होते. त्यांच्या हयातीत ती पोरं लहानच राहिली. मला ते बरोबर वाटतं आणि त्याचा रागही येतो. चांदोबातल्या विक्रम राजाला निदान अशी अट होती की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. इथं वेताळच गप्प.

माझा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. मशीन बिघडलं की आवाजावरनं ओळखतो म्हणे. हे ऐकलं की मला सातारच्या वर्कशॉपातला तेलाचा वास येतो. तो सणाला येतो, मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करतो, रानात एक फेरी मारतो आणि निघतो. रानाबद्दल तो काही बोलत नाही आणि मी काढत नाही. गेल्या दिवाळीत पोत्यातले जुने अंक त्याच्या पोरीच्या हाताला लागले. आठ वर्षांची आहे. दोन दिवस वाचत बसली आणि मग मला म्हणाली, "आबा, याला दुसरे कपडे नाहीत का?" मी म्हटलं, नाहीत गं. ती म्हणाली, "मग ह्याच्या बाबांचेच घालतो?" मुलगा स्टार्टर उघडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचा पेचकस थांबलेला मला दिसला.

यंदा मला दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही, पण मृत्युपत्र करून टाकावं असं मी ठरवलं. दहिवडीला वकिलाकडं गेलो. गट नंबर, क्षेत्र, मुलाचं नाव, मुलीचं नाव, विहिरीतला हिस्सा, सगळं लिहून झालं. मग त्यांनीच विचारलं, "विकू नये वगैरे काही घालायचंय का? बरेच जण घालतात. पूर्ण बंदीची अट तशी कायद्यानं टिकत नाही, पण मनाचं समाधान म्हणून घालतात." खिडकीबाहेर म्हसवडची एस.टी. लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी म्हटलं, ते काही नको. तुम्ही पाण्याच्या पाळ्या तेवढ्या नीट लिहा, सोमवार ते बुधवार आमची आणि पुढं भावकीची, नाहीतर माझ्या माघारी भांडणं लागतील.